शंभराला दोन

रविवारची जेवणं आटोपली, ताटं उचलली गेली, टेबल पुसून झालं, तरी विषय कुणी काढेना. दादा वर्तमानपत्रातलं जुन्या सामानाच्या जाहिरातींचं पान असं मन लावून वाचत होता, जणू आज त्याला एखादं कपाट घ्यायचंच होतं. ताई चष्मा पुसत होती. बारक्या खिडकीत उभा राहून खाली लावलेल्या आपल्या डिलिव्हरीच्या गाडीकडे बघत होता. आई खुर्चीत डोळे मिटून बसली होती, पण ती झोपलेली नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. आईला हल्ली कमी ऐकू यायचं, तरी पैशाचं बोलणं तिला भिंतीपलीकडूनही ऐकू येई.

वहिनीने चहाचं आधण ठेवलं. तिला वाटलं, भांडायचं असेल तर भांडून घ्या एकदाचं, पण हे घुम्यासारखं बसणं नको. तिची पाठ दुखत होती. आठवडाभर ती खालच्या दुकानात जाड काचेमागे बसायची. लॉन्ड्रीतल्या बाया, शीतगृहातले हमाल, हॉस्पिटलातले सफाईवाले पगाराचा चेक काचेखालून सरकवायचे, ती वटणावळ कापून उरलेली रोकड मोजून द्यायची. या माणसांची बँकेत खाती नव्हती, आणि असती तरी चेक जमा होईपर्यंत थांबायला सवड नव्हती. कुणाचं पगारापर्यंत भागत नसलं तर तिथेच छोटं कर्जही मिळे. पंधरा दिवसांनी फेडता आलं नाही तर थोडे पैसे भरून ते पुढे ढकलायचं. पुन्हा नाही जमलं तर पुन्हा ढकलायचं. या ढकलण्यावरच घर उभं होतं, हे वहिनी लग्न होऊन आली त्या वर्षीच तिला कळलं होतं. ती त्यावर कधी बोलली नव्हती. बोलून कुणाचं पोट भरतं?

"एक तारखेला किती दिवस राहिले?" आईने डोळे न उघडता विचारलं.

विषय निघाला.

"बारा," दादा म्हणाला आणि पेपर बाजूला ठेवला. "एक तारखेपासून वटणावळ शंभराला दोन. आज आपण पाच घेतो. आणि कर्ज पुढे ढकलायचे पैसे? शून्य. फुकट ढकला. समाजसेवा करा." तो ताईकडे न बघता बोलत होता. "ज्यांनी कायदा केला त्यांनी आयुष्यात एकदा तरी दुकान चालवलंय का, ते त्यांनाच विचारा. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!"

"दादा, मी इथेच बसलेय," ताई म्हणाली.

"हो का? मला वाटलं तू ऑफिसातच राहतेस आता."

वहिनीने कपात चहा गाळला. निदान सुरुवात तरी झाली, म्हणून तिला बरं वाटलं.

*

ताईला उत्तर देण्याचा कंटाळा आला होता. गेलं वर्षभर ती उत्तरंच देत होती. सरकारच्या परवाना खात्यात तिला बावीस वर्षं झाली होती, आणि हा नियम लिहिणाऱ्या समितीत तिचं नाव आलं तेव्हा साहेब म्हणाले होते, "तुमच्या घरी हाच धंदा आहे म्हणे? उत्तम. आतली माहिती मिळेल." ती तेव्हाच नाही म्हणू शकली असती. नाही म्हणाली नाही. कर्ज पुढे ढकलणं म्हणजे काय, त्यात माणूस कसा अडकतो, हे तिने समितीला सांगितलं. कुणीतरी टेबलावर बोट आपटत म्हणालं होतं, हीच ती जागा, नियम इथेच हवा. तेव्हा तिला अभिमान वाटला होता. घरी परतताना तो उरला नव्हता.

"मला आधी सांगता आलं नसतं," ती म्हणाली. "तसं बंधन होतं. छोट्या दुकानांना वर्षभराची मुदत द्या, असं मी म्हटलं होतं. नाही ऐकलं."

"म्हटलं होतंस! मोठे उपकार झाले." दादाने कप टेबलावर आपटला नाही, पण ठेवला तो जोरातच. "तुझ्या कॉलेजची फी कुठून गेली? त्याच खिडकीतून. नाना गेले तेव्हा मी शिक्षण सोडलं, का? तर तू शिकावीस म्हणून. आता तू शिकलीस आणि आमच्याच दुकानाला कुलूप लावायला निघालीस. याला घरभेदी म्हणतात."

"कुलूप लाव असं कुणी म्हटलं नाही."

"शंभराला दोनात वीज निघत नाही. एक चेक बुडाला की महिनाभराची वटणावळ बुडाली. आणि मला एवढं सांग, चिमणे," रागाच्या भरातही त्याच्या तोंडी तिचं लहानपणचं नाव आलं, "ज्यांच्यासाठी हा कायदा केलात, त्यांना उद्या अडीअडचणीला पैसे कोण देणार? बँक देणार? तू देणार?"

ताईने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. या प्रश्नाचं उत्तर तिने समितीतही मागितलं होतं. तेव्हा एकाने घड्याळ पाहिलं होतं आणि चहा आला होता.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे कुणालाच माहीत नाही."

दादा एवढ्याशा प्रामाणिकपणाने गोंधळला. भांडणात समोरच्याने एकदम मान्य केलं की माणसाची पंचाईत होते. त्याने खुर्ची पुढे ओढली, पेपराखालून कराराचे कागद काढून टेबलावर पसरले आणि आवाज खाली आणला.

"म्हणून मी मार्ग काढलाय. पिवळ्या पाटीवाले तयार आहेत."

पिवळी पाटी म्हणजे पुलापलीकडची मोठी कंपनी. तिच्या शाखा तिकडच्या प्रत्येक चौकात होत्या, आणि पाटी इतकी भडक, की रात्री तिच्या उजेडात पेपर वाचता यावा. त्यांचे वडील, नाना, तिला शिव्या घालायचे.

"त्यांची एजन्सी घ्यायची," दादा सांगू लागला. "कर्ज देणार त्यांची दुसऱ्या राज्यातली कंपनी. आपण फक्त खिडकी; त्यांच्या स्वतःच्या शाखांना इथला नियम लागतो, म्हणून त्यांना बाहेरची खिडकी हवी. आपलं मिळेल ते सेवाशुल्क. ती कंपनी इथली नाही, म्हणून इथला नियम तिला लागत नाही. सगळं कायद्यात बसतं, वकिलाकडून बघून घेतलंय. शिवाय पुलाच्या या बाजूची त्यांची सगळी खाती आपल्याकडे येणार. वसुलीही आपणच करायची, तिचा वेगळा हिस्सा. उद्या त्यांचा माणूस येतोय. परवाना आईच्या नावावर आहे, तेव्हा फक्त आईची सही लागेल."

"पळवाट आहे ही," ताई म्हणाली.

"वाट आहे ना? मग झालं."

"दादा, यात जुनी खातीसुद्धा नव्या कागदांवर जातात. आमच्या नियमात जुन्या कर्जांनाही दिलासा आहे. एक तारखेनंतर ढकलण्याचे पैसे थांबतात, माणसाने फक्त मुद्दल हप्त्याने फेडायचं. पण खातं तिकडे गेलं की..."

"की काय?" बारक्याने विचारलं.

तो अजून खिडकीपाशीच होता, पण आता त्याची पाठ खिडकीकडे होती.

"की आहे तेच चालू," ताई म्हणाली. "ढकलत राहायचं."

*

बारक्या आपल्या बाजूने बोलेल, असं दादाने धरून ठेवलं होतं. नेहमीच तसं व्हायचं. ताईचं बोलणं बारक्याला समजायचं नाही, आणि दादाचं नाही पटलं तरी तो मान डोलवायचा. पाव-बिस्किटांच्या कारखान्याचा माल स्वतःच्या गाडीतून दुकानोदुकानी पोचवणारा हा चाळिशीचा भाऊ घरात अजून बारक्याच होता. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत होता, म्हणून तिनेही त्याला कधी भाऊजी म्हटलं नाही.

"सगळी खाती आपल्याकडे येणार?" बारक्याने विचारलं. "नावानिशी?"

"अर्थात नावानिशी. त्याशिवाय वसुली कशी करणार?"

"मग मीच सांगतो. नंतर कळण्यापेक्षा बरं." त्याने मान खाजवली. "त्यात मी आहे."

दादाला आधी कळलंच नाही. त्याला वाटलं, बारक्याला एजन्सीत हिस्सा हवाय.

"गेल्या वर्षी गाडीचा गिअरबॉक्स गेला," बारक्या म्हणाला. "तीन आठवडे गाडी उभी. कारखानेवाला म्हणाला, सोमवारी आला नाहीस तर दुसरा बघतो. मी पुलापलीकडे गेलो आणि घेतले. फार नाही घेतले. पण तेव्हापासून ढकलतोय. घेतले त्याच्यापेक्षा जास्त भरून झालेत आणि मुद्दल जिथल्या तिथे. एक तारखेची वाट बघत होतो मी. कॅलेंडरवर खूण करून ठेवलीय."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"पिवळ्या पाटीवाल्यांकडे?" दादाचा आवाज चढला. "सख्खा भाऊ याच धंद्यात बसलाय आणि तू त्यांच्याकडे गेलास? तोंड शिवलं होतं तुझं? मी काय व्याज लावलं असतं तुला?"

"व्याज लावलं नसतंस रे दादा," बारक्या म्हणाला. "सांगितलं असतंस. दर जेवणाला."

ताईच्या तोंडून हसू निसटलं आणि तिने ओठ दाबले. दादाला मात्र ते कुठेतरी खोल लागलं. तो उठला, दोन पावलं गेला आणि परत बसला.

"एकदा तरी विचारायचंस," तो म्हणाला.

"आलो होतो." बारक्याचा आवाज राग आल्यासारखा नव्हता, दिवसभर माल उतरवून थकलेल्या माणसासारखा होता. "शुक्रवार होता. रांगेत उभा राहिलो, म्हटलं, घरी सगळ्यांसमोर नको. तू आतून मला बघितलंस आणि ओरडलास, 'काय रे, तू पण?' सगळी रांग हसली. मी म्हटलं, छे, आईला भेटायला आलोय. आणि जिना चढून वर आलो. आईने चहा दिला."

दादाला तो शुक्रवार आठवला. आठवला म्हणजे, आपण हसलो होतो एवढं आठवलं. गर्दीच्या दिवशी तेवढाच विरंगुळा. भावाचा चेहरा कसा होता ते मात्र काही केल्या आठवेना, आणि तेच त्याला सर्वांत वाईट वाटलं.

"मला कळलं होतं," वहिनी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"कशासाठी आला ते नाही कळलं. पण आईंना भेटायला येणारा माणूस रांगेत उभा राहत नाही, एवढं कळलं होतं. तुम्हाला विचारायचं होतं, मग राहून गेलं. गर्दी होती." तिने पदराला हात पुसले. ते कोरडेच होते. "अहो, ही एजन्सी नको. बारक्याने पैसे भरायला यायचं आणि मी काचेमागून घ्यायचे? माझ्याच्याने नाही होणार."

"त्याचं मी बघेन. त्याचं खातं मी उद्याच मिटवून टाकतो."

"त्याचं मिटवाल. त्याच्या पुढे-मागे रांगेत जी उभी असतात त्यांचं?"

"ते माझे भाऊ नाहीत!" दादा ओरडला. आणि ओरडल्यावर त्याचं त्यालाच ते वाक्य भलतंच मोठं वाटलं. खोलीत ते कुठेच मावत नव्हतं.

*

आईने डोळे उघडले.

मुलांना वाटत होतं, आता आई काहीतरी शहाणपणाचं बोलेल. आईच्या मनात त्या वेळी शहाणपण नव्हतं, गुडघे होते. ती विचार करत होती, की अजून किती दिवस हे लोक माझ्या सहीसाठी मला खुर्चीत बसवून ठेवणार. नाना गेल्यावर परवाना तिच्या नावावर झाला, तेव्हापासून ती एक बाई कमी आणि सही जास्त होती. कर्जाचा धंदा दादाने सुरू केला तेव्हा तिनेच सही केली होती, आणि खुशीने केली होती. त्या पैशातून हा वरचा मजला झाला, ताईचं शिक्षण झालं, तिच्या स्वतःच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. तिला कुणाला दोष द्यायचा नव्हता. दोष द्यायचा तर वाटणी करावी लागली असती, आणि सर्वांत मोठा वाटा तिलाच आला असता.

"बारक्या, इकडे ये," ती म्हणाली. तो आला. "जेवलास ना नीट?"

"आत्ताच तर जेवलो, आई. तुझ्यासमोर."

"हं." तिने त्याचा हात धरून ठेवला आणि दादाकडे वळली. "सही मी करणार नाही."

"आई, तुला कळतंय का तू काय बोलतेयस?"

"बाकी काही कळत नाही. सही करायची नाही, एवढं कळतंय."

"मग दुकान बंद करावं लागेल."

"चेक वटवा. जमेल तेवढे दिवस वटवा. घर आपलं आहे, भाडं कुणाला द्यायचं नाही."

"आणि कर्ज?"

"ते पुरे आता."

आईला दादाच्या कानशिलावरचे पांढरे केस दिसले. एकोणिसाव्या वर्षी त्याने वह्या-पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आणि खाली जाऊन बसला. तेव्हा त्याला कुणी विचारलं नव्हतं, की तुला हे करायचंय का. आजही कुणी विचारत नव्हतं. तेव्हा चालू कर म्हणाले, आता बंद कर म्हणत होते.

"मी पन्नाशीला आलोय," तो हळूच म्हणाला. "मला दुसरं काय येतं?"

ताई उठून त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली. तिला त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण या घरात तशी सवय नव्हती. तिने त्याचा गार झालेला कप उचलला.

"दादा, चहा गरम करून आणू?"

"घरभेदी म्हटलं मी तुला."

"म्हटलंस खरं."

"साखर कमी घाल," दादा म्हणाला. "मागच्या वेळी पाक केला होतास."

ती आत गेली. बारक्या आईजवळ बसून राहिला. दादाने कराराचे कागद गोळा केले, टोकं जुळवून त्यांची चळत केली आणि ती पेपराखाली सरकवली. फाडून टाकायचा त्याला धीर नव्हता. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला तेव्हा वहिनीनेच खाली जाऊन त्याला सांगितलं, की सासूबाईंची तब्येत बरी नाही, सही होणार नाही. माणूस म्हणाला, बरी झाल्यावर येतो. वहिनी म्हणाली, या वयात आता काय बऱ्या होणार!

*

एक तारीख शुक्रवारी आली. मधल्या दिवसांत दादाने घाऊक बाजारात दोन ठिकाणी हिशेबनिसाच्या कामाची चौकशी केली होती. एकाने वय विचारून पाणी दिलं आणि वाटेला लावलं, दुसऱ्याने सकाळपुरतं ये म्हटलं. पुढच्या आठवड्यापासून तो सकाळी तिकडे आणि दुपारी दुकानात, असं ठरलं. बारक्या पुलापलीकडे जाऊन मुद्दलाचे हप्ते बांधून आला. तिथल्या मुलीने आधी असा काही नियम नाही म्हणून सांगितलं. मग त्याने ताईला फोन लावून तिच्या हातात दिला.

दुकानात काचेवर नव्या दराचा फलक लावणं सक्तीचं होतं. अक्षरं किती मोठी हवीत, तेही नियमात होतं. वहिनीने तो सरळ लावला, मागे होऊन बघितलं आणि खिडकीत बसली. संध्याकाळी रांग दारापर्यंत गेली. फलकाकडे कुणी बघितलं नाही. पगाराच्या दिवशी माणसं हाताकडे बघतात.

लॉन्ड्रीतली एक उंच बाई पैसे घेऊन बाजूला झाली, कोपऱ्यात उभी राहून तिने मोजले, पुन्हा मोजले आणि रांग मोडून खिडकीशी परत आली. मागचे लोक कुरकुरले.

"बाई," ती काचेला तोंड लावून हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही जास्त दिलेत."

"नाही, बरोबर आहेत."

"नाही हो. मी दर आठवड्याला मोजते. नंतर हिशेबात कमी आले तर तुमच्या अंगावर येईल." आणि तिने वरच्या नोटा काचेखालून परत सरकवल्या.

वहिनीने त्या तशाच तिच्याकडे ढकलल्या आणि फलकाकडे बोट केलं. बाईने सावकाश वाचलं, ओठ हलवत.

"शंभराला दोन," ती म्हणाली. "आजपासून?"

"आजपासून."

"मग इतकी वर्षं?"

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दादा तिजोरीपाशी बसायचा, तो उठून काचेजवळ आला.

"पाच घेत होतो," तो म्हणाला.

बाईने त्याच्याकडे बघितलं. ती त्याला ओळखत होती, येता-जाता मान हलवायची. चिडली असती तर त्याच्याजवळ उत्तरं तयार होती: वीज, बुडालेले चेक, जोखीम. त्याने ती मनात लावूनही ठेवली होती.

"माझी आईपण इथेच यायची," ती म्हणाली, नुसतीच आठवण झाल्यासारखी. तिने नोटा दुमडल्या, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या, चेन ओढली आणि रांगेतून वाट काढत बाहेर गेली.

दादा तिथेच उभा होता. पुढच्या माणसाने काचेखालून चेक सरकवला.

"साहेब, जरा पटकन बघा ना," तो म्हणाला. "बस जाईल माझी."